तिकिटावर न छापलेला कर

विमानाच्या तिकिटावर मूळ भाडे छापलेले असते, इंधनाचा अधिभार छापलेला असतो, विमानतळाचे शुल्क आणि शासनाचा करही छापलेला असतो. एक कर मात्र त्यावर कधीच छापला जात नाही, आणि तरीही तो प्रत्येक प्रवाशाकडून वसूल होतो. तो कर राजकारणाचा असतो. कोणत्या देशाने कोणासाठी आपले आकाश मोकळे ठेवले, कोणी कोणाच्या नागरिकाला दारात किती काळ ताटकळत ठेवले, कोणाच्या विमान कंपनीला किती आसने विकण्याचा हक्क मिळाला, या साऱ्या निर्णयांची किंमत अखेर प्रवाशाच्या खिशातून जाते. ही किंमत बाजाराचा नियम म्हणून निमूटपणे मोजण्याची सवय आपल्या मध्यमवर्गाला जडली आहे. ती सवय मोडली पाहिजे.

वर्धा हा जिल्हा समुद्रकाठचा नव्हे, की महानगराच्या छायेतला नव्हे. परंतु जगाशी त्याचा संबंध जुना आहे. महात्मा गांधी १९३६ साली सेगावला येऊन राहिले आणि जगभरातील माणसे पत्ता विचारीत या मुलखात येऊ लागली. १९७५ मध्ये नागपूरला भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात ज्या आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाची कल्पना मांडली गेली, ते पुढे वर्ध्यातच उभे राहिले. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून डॉक्टर घडवीत आहे. त्यामुळे वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव येथील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत, आखातात, युरोपात आहेत आणि आई-वडील येथे आहेत. या आई-वडिलांचा परदेश प्रवास म्हणजे चैन नव्हे. मुलीचे बाळंतपण, नातवाची मुंज, एखाद्याचे आजारपण, कधी अंत्यदर्शन, अशी त्याची कारणे असतात. ज्याला गेल्यावाचून गत्यंतर नाही, तो भाव करू शकत नाही. आणि जो भाव करू शकत नाही, त्याच्याकडूनच हा न छापलेला कर सर्वाधिक वसूल होतो.

कापसाच्या मापाने

हा भार किती, हे विदर्भाच्या मापाने मोजून पाहावे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क जून २०२३ मध्ये १६० डॉलरवरून १८५ डॉलर झाले. पती-पत्नी दोघांचे मिळून ३७० डॉलर. सप्टेंबर २०२५ च्या सुमारे ८८ रुपयांच्या दराने ही रक्कम साडेबत्तीस हजार रुपये होते. २०२५-२६ या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे केवळ अर्जासाठी चार क्विंटल कापूस. वर्ध्याच्या कोरडवाहू शेतीत एका एकराचे पीक जेमतेम एवढेच हाती येते. अर्ज नाकारला गेला, तर हा चार क्विंटल कापूस परत येत नाही. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या कायद्यात याशिवाय माणशी २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद केली गेली. नियम पाळून परतणाऱ्यास ते परत मिळू शकेल, असे कायदा म्हणतो. परंतु आधी भरायचे ते भरायचेच. दोन्ही धरले, तर एका जोडप्याचा हिशेब साडेनऊ क्विंटलच्या घरात जातो, आणि विमानाचे तिकीट अजून काढलेलेच नसते.

पैशापेक्षाही वेळेची किंमत जड आहे. महाराष्ट्रातील अर्जदाराला मुलाखतीसाठी मुंबई गाठावी लागते. वर्ध्याहून ते अंतर रेल्वेने साडेसातशे किलोमीटरहून अधिक आहे. २०२२ च्या अखेरीस पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुलाखतीची तारीख मिळण्यासाठी नऊशेहून अधिक दिवस थांबावे लागत होते. जी मुलगी बाळंतपणासाठी आईला बोलावीत होती, तिचे मूल तोवर चालू-बोलू लागले असते. ७९ वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीतून सरसकट मिळणारी सूटही २ सप्टेंबर २०२५ पासून काढून घेण्यात आली. ऐंशी वर्षांच्या आजीने रात्रभर रेल्वेत बसून खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला सांगायचे, की आपण तेथे नोकरी शोधायला चाललेलो नाही! आणि तारीख अशी अवचित मिळते, तेव्हा प्रवासाचा महिना निवडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. मग जे भाडे असेल ते मुकाट्याने द्यावे लागते. व्हिसाचे राजकारण विमानभाड्यात मिसळते ते असे.

आता याच्या उलट बाजूकडे पाहू. भारताने २०१४ मध्ये ई-पर्यटक व्हिसाची सोय सुरू केली आणि २०१९ मध्ये त्याचे शुल्क आणखी उतरवले. बहुतेक देशांच्या नागरिकांना एका वर्षाचा व्हिसा ४० डॉलरला, तर एप्रिल ते जून या काळातील तीस दिवसांचा अवघ्या १० डॉलरला देऊ करण्यात आला. अमेरिकी नागरिकाला त्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. अमेरिकेचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो, हे मान्य. परंतु दाराशी मिळणारी वागणूक वर्षांच्या संख्येने भरून निघत नाही. अतिथीला देव मानणाऱ्या देशाने पाहुण्याचे स्वागत करावे, ते योग्यच आहे. पण आपला माणूस जेव्हा अतिथी म्हणून जातो, तेव्हा त्याच्याकडे संशयित म्हणून का पाहिले जावे, हा प्रश्न विचारण्यात औदार्याला कोणतीही बाधा येत नाही.

हे काही आजचे नव्हे

तिकीट आणि राजकारण यांची सांगड किती जुनी आहे, हे कोमागाटा मारूचा इतिहास सांगतो. १९०८ साली कॅनडाने एक नियम केला. मायदेशातून निघून वाटेत कोठेही न बदलता, मायदेशीच काढलेल्या सलग तिकिटावर जो येईल, त्यालाच प्रवेश. नियमात हिंदुस्थानचे नावही नव्हते. परंतु हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट मिळणार नाही, अशी तजवीज अगोदरच झालेली होती. त्यात हिंदी माणसाजवळ २०० डॉलर रोख असलेच पाहिजेत, ही वेगळी अट. बंदी घातली असे म्हणायचे नाही आणि येऊही द्यायचे नाही, असा हा डाव होता. गुरदित्त सिंग यांनी भाड्याने घेतलेली कोमागाटा मारू ३७६ प्रवाशांसह मे १९१४ मध्ये व्हँकुव्हरला पोहोचली. बहुतेक प्रवासी शीख होते आणि ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून त्यांनी आपला हक्क मागितला. दोन महिने त्यांना बंदरात अडवून ठेवले आणि जुलैत परत धाडले. सप्टेंबरमध्ये बोट कोलकात्याजवळ बजबज येथे लागली, तेव्हा ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांचे स्वागत केले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली, ती २०१६ साली.

या घटनेचा धडा एकच आहे. प्रवाशामागे उभे राहणारे राष्ट्र नसेल, तर त्याच्या हातातील तिकीट हा कागदाचा कपटा असतो. तेव्हा राष्ट्र पारतंत्र्यात होते. आज ते स्वतंत्र आहे, समर्थ होत आहे. मग आजच्या दारावर त्या सामर्थ्याचा प्रत्यय पुरेसा का येत नाही?

नकाराचीही किंमत

युरोपातील शेंगेन राष्ट्रांनी ११ जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क ८० युरोवरून ९० युरो केले. २०२४ या वर्षात भारतातून अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार नाकारले गेले. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. केवळ या नकारांपोटी भारतीय कुटुंबांनी एका वर्षात मोजलेली रक्कम शंभर कोटी रुपयांहून अधिक भरते. त्यात मध्यस्थ सेवा केंद्रांचा आकार, प्रवास-विमा आणि आगाऊ काढलेली तिकिटे धरलेली नाहीत. काहीही न देता एवढी कमाई करणारा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही!

यावर आपल्याकडील तथाकथित उदारमतवादी मंडळी म्हणतात, की व्हिसा ही प्रशासकीय बाब आहे, तीत राष्ट्राभिमान आणू नये. त्यांनी युरोपचाच कायदा वाचावा. बेकायदा स्थलांतरितांना परत घेण्यात जो देश सहकार्य करणार नाही, त्याच्या नागरिकांसाठी शुल्क १२० किंवा १६० युरोपर्यंत वाढवता येईल, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशावर डिसेंबर २०२२ मध्ये ते हत्यार चालवूनही झाले. म्हणजे व्हिसाचे शुल्क हे परराष्ट्र धोरणाचे साधन आहे, असे युरोप उघडपणे लिहून ठेवतो. राजकारण आणि पर्यटन वेगळे ठेवण्याचा उपदेश मात्र फक्त भारतीयांसाठी राखीव असतो.

अर्थात दोष सारा त्यांचाच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खोटी बँक-विवरणे जोडणारे, दलालाला लाखो रुपये देऊन चोरवाटेने सीमा ओलांडणारे आपल्यातही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्यांत महाराष्ट्रातील लोकही होते. एका लबाड अर्जदारामुळे शंभर प्रामाणिक अर्जदारांकडे संशयाने पाहिले जाते आणि शुल्क वाढवणाऱ्याच्या हाती आयते निमित्त पडते. पारपत्राची प्रतिष्ठा दिल्लीत जशी जपायची असते, तशी ती गावातल्या दलालाच्या दुकानातही जपायची असते.

एका रात्रीत दुप्पट

राजकीय निर्णय विमानभाडे किती वेगाने हलवतो, याचे ताजे उदाहरण १९ सप्टेंबर २०२५ चे आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा आदेश काढला. अंमल २१ तारखेच्या पहाटेपासून. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. नवरात्रासाठी घरी आलेली, यायला निघालेली असंख्य मुले एका क्षणात कोंडीत सापडली. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परतण्याच्या सूचना दिल्या. दिल्ली-न्यूयॉर्क प्रवासाचे भाडे काही तासांत दुप्पट झाल्याची वृत्ते आली. काहीजण सॅन फ्रान्सिस्कोला विमानात बसल्यावर खाली उतरले. हे शुल्क केवळ नव्या अर्जांना आणि एकदाच लागू आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. पण तोवर तिकिटे विकली गेली होती आणि पैसे गेले होते.

त्या रात्री इंधनाचा भाव वाढला नव्हता, विमानांची संख्या घटली नव्हती. वाढली होती ती केवळ भीती. २०२४ या अमेरिकी आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांचे होते. त्यामुळे भीतीचे भाडेही प्रामुख्याने भारतीयांनीच भरले. आणि जी मुले भीतीपोटी आली नाहीत, त्यांच्या घरी नवरात्राचा दिवा आई-वडिलांनी एकट्यानेच लावला. त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

आकाशालाही सीमा असतात

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध लोकांना धर्म विचारून ठार मारण्यात आले. भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच उत्तर दिले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना वा कोपनहेगनला थांबावे लागले. इंडिगोची अल्माटी आणि ताश्कंदची सेवा थांबली. ही बंदी वर्षभर राहिली, तर सुमारे साठ कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज एअर इंडियाने शासनाला कळवला. १ सप्टेंबर २०२५ पासून तिने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, तेव्हा सांगितलेल्या कारणांत ही बंदी होतीच. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने साडेचार महिन्यांहून अधिक काळ आकाश मिटले होते, तेव्हाही भारतीय कंपन्यांचे सुमारे साडेपाचशे कोटींचे नुकसान झाल्याचे शासनाने संसदेत सांगितले होते.

पाकिस्ताननेही आपली हानी कबूल केली. एप्रिल अखेर ते जून २०२५ या काळात चार अब्जांहून अधिक पाकिस्तानी रुपये बुडाल्याचे त्यांच्या संसदेत सांगण्यात आले. तरीही पैशाच्या हिशेबात आपली झळ मोठी आहे, हे लपवण्याचे कारण नाही. आपली विमाने अधिक, आपले प्रवासी अधिक, म्हणून आपला खर्चही अधिक. प्रश्न एवढाच, की ही झळ कशासाठी सोसायची? आपल्या माणसांच्या रक्ताची किंमत तिकिटाच्या सवलतीत वळती करायची नाही, एवढ्यासाठी. वळशाच्या मार्गाचे जादा भाडे हे अपमानाचे भाडे नाही. ते समजून, ठरवून मोजलेले मोल आहे. व्हिसाच्या रांगेत लादला जाणारा कर आणि राष्ट्राने स्वेच्छेने स्वीकारलेला हा भार यांत हाच भेद आहे.

स्वाभिमानी धोरणाने केवळ खर्चच वाढतो, असेही नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या विमानांना बंद झाले. भारत पाश्चात्त्य निर्बंधांच्या मागे फरफटत गेला नाही, म्हणून एअर इंडियाला रशियावरून जाण्याची वाट मोकळी राहिली. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सला मार्च २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क-मुंबई सेवा थांबवावी लागली. स्वतंत्र परराष्ट्र धोरण हे पुस्तकातले तत्त्व नव्हे. ते प्रवासाचे तास आणि पैसे वाचवते, हे त्या वर्षी दिसले.

श्रद्धेच्या वाटेवरही हाच अनुभव येतो. कैलास-मानसरोवर यात्रा २०२० पासून पाच वर्षे बंद राहिली. जून २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच आणि नाथू ला मार्गे दहा, अशा तुकड्यांतून ७५० जागा उपलब्ध होत्या आणि त्यांसाठी साडेपाच हजारांहून अधिक अर्ज आले. भगवान शंकराच्या निवासाची वाट भाविकाच्या भक्तीने नव्हे, तर बीजिंगच्या मर्जीने उघडते. भारत-चीन थेट विमानेही ऑक्टोबर २०२५ मध्येच पुन्हा सुरू झाली. गलवानमध्ये वीस जवानांनी प्राण दिल्यावर आणि सीमेवर पाच वर्षे ठाम राहिल्यावर हे दार उघडले आहे. गयावया करून ते उघडले नव्हते.

दुसऱ्याच्या पंखांवर

वर्ध्याहून नागपूरचा विमानतळ पाऊणशे किलोमीटरवर आहे. त्याच्या नावात आंतरराष्ट्रीय हा शब्द २००५ पासून आहे. परंतु विदर्भातील माणसाला नागपुरातूनच परदेशी जाण्याची जी सोय झाली, ती मुख्यतः शारजाची एअर अरेबिया आणि २०१५ मध्ये आलेली कतार एअरवेज यांच्यामुळे. विदर्भाचा प्रवासी युरोप-अमेरिकेला निघतो आणि पैसा दोहाच्या तिजोरीत जमा होतो. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली आणि कतारचे आकाश काही तास बंद झाले. त्या युद्धाशी विदर्भाचा काय संबंध? तरीही दोहामार्गे जाणाऱ्यांची तारांबळ उडालीच. दुसऱ्याच्या दारातून जाणाऱ्याला त्या घरातील भांडणाचाही फटका बसतो.

ही परिस्थिती आपोआप आलेली नाही. एप्रिल २०१३ मध्ये तेव्हाच्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने अबू धाबीसाठीचे आठवड्याचे आसन-हक्क १३,३३० वरून सुमारे ५०,००० वर नेले. त्याच सुमारास तेथील एतिहाद कंपनीने जेट एअरवेजचे २४ टक्के भाग घेतले. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली. भारतीय कंपनी गेली, परक्यांना दिलेले हक्क राहिले. त्याआधी २०११ च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आखाती देशांना उदारपणे दिलेल्या आसनांवर बोट ठेवले होते. कोणी ऐकले?

मतपेढीच्या राजकारणाने विमानभाडे कसे विकृत होते, याचा नमुना म्हणजे हज अनुदान. १९७० च्या दशकापासून करदात्यांचा पैसा या नावाखाली विमान कंपन्यांकडे वळत राहिला. ठरावीक कंपन्या, ठरावीक भाडे, आणि चढे भाडे झाकण्यासाठी अनुदान. सामान्य मुसलमान यात्रेकरूला त्यातून फारसे काही मिळाले नाही, उपकाराचा शिक्का मात्र त्याच्या माथी बसला. म्हणूनच अनेक मुस्लिम नेत्यांनीही ते बंद करण्याची मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये ते दहा वर्षांत संपवण्यास सांगितले आणि जानेवारी २०१८ मध्ये शासनाने ते संपवले. ज्या अनुदानाचा लाभ ना करदात्याला, ना यात्रेकरूला, ते चार दशके चालले, कारण ते मतांसाठी होते.

आपले स्वतःचे पंख का हवेत, याचे उत्तर संकटकाळ देतो. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना सुखरूप आणले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा ऑपरेशन गंगाच्या नव्वद उड्डाणांतून हजारो विद्यार्थी परतले, त्यांत वैद्यकीय शिक्षण घेणारी मराठी मुलेही होती. ज्या कंपन्या सुट्टीच्या हंगामात स्वस्त तिकीट देतात, त्या युद्धाच्या दिवशी आपल्यासाठी उड्डाण करतीलच, याची हमी कोणी द्यावी? ती हमी केवळ आपले शासन आणि आपली विमाने देतात.

ग्राहक आणि नागरिक

येथवर दोष इतरांचा झाला. आता आपल्याकडे पाहिले पाहिजे. जगातील मोठ्या संख्येने प्रवास करणारा समाज ही स्वतःच एक शक्ती आहे, पण ती जाणीवपूर्वक वापरली तरच. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुदार शब्द काढले. २०२३ मध्ये तेथे सुमारे २ लाख ९ हजार भारतीय गेले होते आणि त्यांचा क्रमांक पहिला होता. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे १ लाख ३० हजारांवर आली. कोणतेही शासकीय फर्मान निघाले नव्हते. कुटुंबांनी घरी बसून निर्णय घेतले. भारतीयांनी यावे, असे आवाहन पुढे मालदीवच्याच पर्यटनमंत्र्यांना करावे लागले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. मैत्री तुटली नाही, उलट ती समान पातळीवर आली.

तुर्कस्तानची कथा अधिक कडू आहे. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात भारताने ऑपरेशन दोस्तद्वारे बचाव पथके आणि रुग्णालय पाठवले. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने भारतावर सोडलेली ड्रोन विमाने तुर्की बनावटीची निघाली. १५ मे रोजी भारताने सेलेबी या तुर्की कंपनीची विमानतळ-सुरक्षा मान्यता रद्द केली. त्याच आठवड्यात तुर्कस्तान आणि अझरबैजानची आरक्षणे साठ टक्क्यांनी घटल्याचे मेकमायट्रिपने सांगितले. परंतु हा राग सहा महिन्यांनी टिकतो का? स्वस्त सहलीची जाहिरात आली, की इस्तंबूलची छायाचित्रे पुन्हा भिंतीवर लागतात का? जवानाच्या पार्थिवाला सलामी द्यायची आणि ज्याने शस्त्र पुरवले त्याच्याकडे मधुचंद्राला जायचे, हा विरोधाभास कोणत्याही सुशिक्षित घराला शोभणारा नाही. बहिष्कार हा क्षणिक संताप असू नये. तो घरातला नियम झाला पाहिजे.

मागणी आणि व्रत

उपाय आहेत, आणि ते वाटाघाटीत मिळतात हे सिद्धही झाले आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारासोबत, तेथे तात्पुरते काम करणाऱ्या भारतीयांना तीन वर्षे सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट देण्याचे ठरले. ठाम राहून मागितले, म्हणून मिळाले. त्याच टेबलावर व्हिसाही आला पाहिजे. नाकारलेल्या अर्जाचे किमान निम्मे शुल्क परत मिळावे. वृद्ध आई-वडिलांसाठी नागपूरसारख्या शहरात ठरावीक दिवशी मुलाखतीची सोय मागावी. ज्या देशाची वागणूक जशी, तसे आपले शुल्क आणि आपली सवलत, हे तत्त्व शासनाने निःसंकोच स्वीकारावे. परक्या कंपन्यांना नवी आसने देताना त्या बदल्यात भारतीय कंपन्यांना काय मिळाले, ते संसदेपुढे मांडावे. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदवली आहे. त्यांतील काही विमानांनी नागपूरहून थेट परदेशी झेपावे, यासाठी विदर्भातील लोकप्रतिनिधींनी पक्ष विसरून आग्रह धरावा. ज्या मिहानमध्ये विमानांची दुरुस्ती होते, तेथून विमाने उडायला काय हरकत आहे?

आणि घराघरांत काही नियम पाळले जावेत. खोटा कागद जोडायचा नाही. भारतीय विमान उपलब्ध असेल आणि भाड्यातील फरक पेलणारा असेल, तर भारतीय विमानच घ्यायचे. शत्रूला शस्त्र देणाऱ्याच्या देशी हौसेखातर जायचे नाही. परदेशातील मुलांनी तेथील लोकप्रतिनिधींकडे आपल्या आई-वडिलांच्या व्हिसाचा प्रश्न मांडायचा. मतदार म्हणून त्यांचे वजन तेथे वाढले आहे, ते वापरायचे.

याच वर्धा जिल्ह्यातून एकेकाळी खादीचा मंत्र देशभर गेला. परदेशी कापड स्वस्त आणि तलम होते, तरी सामान्य माणसाने जाडेभरडे सूत अंगावर घेतले, कारण किमतीपलीकडचा हिशेब त्याला कळला होता. आज कापडाच्या जागी तिकीट आले आहे, एवढाच फरक. राष्ट्राची पत वाढेल, तसा हा न छापलेला कर उतरेल. आणि राष्ट्राची पत दिल्लीत जेवढी ठरते, तेवढीच ती तिकीट काढणाऱ्या प्रत्येक घरात ठरते.